आरोग्य वर्गात घडते

विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची चर्चा बहुधा काहीतरी बिघडल्यावरच सुरू होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. असा आकडा समोर आला की परिपत्रक निघते, समुपदेशन कक्षाची पाटी लागते, ताणतणावावर एखादे व्याख्यान होते. वर्गात, प्रयोगशाळेत आणि परीक्षा विभागात मात्र सारे पूर्वीसारखेच चालू राहते. माणसात काय बिघडले याऐवजी त्याच्याजवळ काय शाबूत आहे, येथून आरोग्याचा विचार सुरू करणारी एक परंपरा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत उभी राहिली आहे. तिचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. हा विचार जिथे रुजला तिथे संस्थेने आधी स्वतःची रीत बदलली होती. जिथे तो एकेकट्या माणसाच्या स्वभावावर सोपवला गेला तिथे त्याचा नुसता उपदेश झाला. विद्यार्थ्याचे बळ वाढवण्याची खरी जागा अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन हीच आहे, हे माझे म्हणणे या इतिहासावर उभे आहे.

या परंपरेतले सर्वांत महत्त्वाचे नाव आरन अँटोनोव्हस्की यांचे. 1923 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेले हे समाजशास्त्रज्ञ येल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन 1960 मध्ये इस्रायलला गेले आणि जेरुसलेमच्या एका सामाजिक संशोधन संस्थेत काम करू लागले. त्यांचा सुरुवातीचा विषय होता गरिबी आणि मृत्यू. सामाजिक वर्ग आणि आयुर्मान यांवरच्या 1967 मधील निबंधाची सुरुवात त्यांनी टायटॅनिक जहाजाच्या दाखल्याने केली. त्या जहाजावरच्या पहिल्या वर्गातील 143 स्त्रियांपैकी 4 बुडाल्या, तिसऱ्या वर्गातील 179 पैकी 81. हिमनग सर्वांसाठी एकच होता. जीव वाचण्याची शक्यता तिकिटाच्या वर्गाप्रमाणे बदलली. पुढे ज्यांचे नाव माणसाच्या आंतरिक बळाशी जोडले गेले, त्या संशोधकाने सुरुवात विषमतेच्या हिशेबापासून केली होती, हे ध्यानात ठेवायला हवे. पुढच्या वादात त्याची गरज पडणार आहे.

दिशा बदलली ती एका वेगळ्याच अभ्यासातून. इस्रायलमधील वेगवेगळ्या समाजगटांतील स्त्रिया रजोनिवृत्तीला कशा सामोऱ्या जातात, याची पाहणी अँटोनोव्हस्की आणि त्यांचे सहकारी करत होते. मध्य युरोपात जन्मलेल्या स्त्रियांना एक साधा प्रश्नही विचारला होता: तुम्ही नाझी छळछावणीत होता का? उत्तरांची तुलना केल्यावर, छावणीत नसलेल्या स्त्रियांपैकी 51 टक्क्यांचे भावनिक आरोग्य बऱ्यापैकी चांगले असल्याचे दिसले. छावणीतून वाचलेल्यांमध्ये हे प्रमाण 29 टक्के होते. 1971 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. छळाचा घाव किती खोल होता, हे या तफावतीवरून सिद्ध झालेच. पण अँटोनोव्हस्की यांची नजर त्या 29 टक्क्यांवर खिळली. छळछावणी, नंतर वर्षानुवर्षांचे निर्वासित जिणे, नव्या देशात शून्यातून मांडलेला संसार आणि तिथल्या युद्धांची झळ, इतके सोसूनही या स्त्रिया धडधाकट कशा? माणसे आजारी का पडतात हा वैद्यकाचा नेहमीचा प्रश्न. माणसे निरोगी कशी राहतात हा प्रश्न त्यांनी त्याच्या शेजारी आणून ठेवला आणि या विचाराला ‘सॅल्युटोजेनेसिस’, म्हणजे आरोग्याच्या उगमाचा शोध, असे नाव दिले. 1979 आणि 1987 मधल्या त्यांच्या दोन ग्रंथांत तो सविस्तर आला.

हा विचार एका नव्या वैद्यकीय विद्यालयात शिकवता शिकवता वाढला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अँटोनोव्हस्की नेगेव्हच्या वाळवंटातील बीरशेबा येथे आले. तिथल्या बेन-गुरियन विद्यापीठात 1974 मध्ये वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. त्याचे संस्थापक मोशे प्रिवेस हे मूळचे वॉर्सॉचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सोव्हिएत श्रमछावणीत दिवस काढले होते. नेगेव्हमध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेली स्थलांतरित कुटुंबे होती, बेदुइन वस्त्या होत्या आणि डॉक्टरांची टंचाई होती. प्रिवेस यांनी विद्यालय आणि त्या भागाची आरोग्यसेवा ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेत गुंफली. विद्यार्थी निवडताना गुणांबरोबर मुलाखतीला मोठे वजन दिले. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना रुग्णांच्या आणि वस्तीच्या सहवासात नेले. आधी दोन वर्षे प्रेत आणि पुस्तक, मग वॉर्ड, ही चालत आलेली वाट त्यांनी मोडली. माणसाला त्याच्या घरात, कामात, नात्यागोत्यात पाहिल्याशिवाय त्याच्याजवळ काय आहे हे कळत नाही, आणि रुग्णालयाच्या खाटेवर बहुतेक वेळा त्याचे उणेपणच दिसते, हे या रचनेमागचे तर्कशास्त्र होते. बीरशेबा एकटे नव्हते. कॅनडातील मॅकमास्टर आणि नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथेही त्याच काळात विद्यार्थ्याला श्रोत्याच्या बाकावरून उठवून प्रश्न सोडवणाऱ्याच्या जागी बसवणारी वैद्यकीय विद्यालये उभी राहत होती.

अँटोनोव्हस्की यांच्या सिद्धांताचा गाभा म्हणजे त्यांनी मांडलेली सुसंगतीची जाणीव. तिचे तीन घटक आहेत. आपल्या भोवती जे चालले आहे त्याची संगती लागते, ही पहिली खात्री. त्याला तोंड देण्याची साधने आपल्याजवळ किंवा आपल्या माणसांजवळ आहेत, ही दुसरी. आणि त्यासाठी कष्ट उपसण्यात अर्थ आहे, ही तिसरी. ही जाणीव कशाने घडते, याचेही उत्तर त्यांनी दिले. अनुभवांत सातत्य असले की संगती लागते. अंगावरचा भार न झेपण्याइतका जास्त आणि कंटाळा येण्याइतका कमी नसला की झेपेल असा विश्वास येतो. आपल्या आयुष्याच्या निर्णयांत आपला शब्द चालतो असे वाटले की अर्थ गवसतो. ही जाणीव साधारण तिशीपर्यंत घडत राहते आणि मग बरीचशी स्थिरावते, असे त्यांचे मत होते. ती नंतरही बदलते असे पुढच्या अभ्यासांत दिसले, तरी तारुण्याची वर्षे तिच्या घडणीत कळीची आहेत हे कोणी नाकारलेले नाही. नेमक्या याच वर्षांत विद्यार्थी विद्यापीठात असतो. अनुभवांतले सातत्य, भाराचे मोजमाप आणि निर्णयांतला सहभाग या तिन्ही गोष्टी व्यायामाच्या तासाला किंवा व्याख्यानातून देता येत नाहीत. वेळापत्रक, परीक्षापद्धती आणि शिक्षकाचे वागणे त्या देते किंवा हिरावून घेते.

साधारण याच सुमारास अमेरिकेत हाच विचार दुसऱ्या वाटेने आला. 1980 च्या दशकात कॅन्सस विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात चार्ल्स रॅप आणि त्यांचे सहकारी तीव्र मानसिक आजार असलेल्या, बराच काळ रुग्णालयात काढून आता वस्तीत राहू लागलेल्या लोकांसोबत काम करत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी लक्षणांची यादी बाजूला ठेवून वेगळे प्रश्न विचारायला सुरुवात केली: तुम्हाला काय हवे आहे, पूर्वी काय जमले होते, तुमच्या गावात तुम्हाला आधार कुठे मिळतो? 1992 मध्ये डेनिस सालीबे यांनी संपादित केलेल्या ग्रंथातून ही बलाधारित दृष्टी जगभरच्या समाजकार्य विद्यालयांत पोहोचली. येथेही विचार आणि अध्यापन यांची फारकत नव्हती. विद्यार्थ्याला कोणते प्रश्न विचारायला शिकवायचे हे बदलले आणि त्यातून व्यवसाय बदलत गेला.

याच काळात विद्यापीठाकडे आरोग्य घडवणारी जागा म्हणून पाहण्याची सुरुवात झाली. 1986 मध्ये कॅनडाच्या ओटावा शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत झालेल्या जाहीरनाम्याने सांगितले की आरोग्य दवाखान्यात तयार होत नाही. माणसे जिथे शिकतात, राबतात, खेळतात आणि प्रेम करतात तिथे ते घडते. 1990 च्या दशकात इंग्लंडच्या लँकेस्टर आणि सेंट्रल लँकेशायर या विद्यापीठांनी हे सूत्र स्वतःला लावून पाहिले आणि 1998 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या अनुभवांवर एक ग्रंथ काढला. 2015 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मंजूर झालेल्या ओकानागन सनदेने विद्यापीठांना बजावले की आरोग्याचा विचार प्रशासन, दैनंदिन कारभार आणि अध्यापन-संशोधन या सर्वांत मुरवला पाहिजे. त्याच प्रांतातील सायमन फ्रेझर विद्यापीठात आरोग्य विभाग आणि अध्यापन केंद्र यांनी मिळून प्राध्यापकांबरोबर अभ्यासक्रमाच्या रचनेवरच काम केले. सूचना स्पष्ट असणे, मुदतीत थोडी लवचीकता असणे, वर्गात ओळखीपाळखी होणे, झालेल्या कामावर वेळेत प्रतिसाद मिळणे, अशा साध्या गोष्टी त्यात केंद्रस्थानी आल्या.

महाराष्ट्राला हे सारे नवखे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 मध्ये दुष्काळी भागातल्या जामखेडला आले. प्रशिक्षित परिचारिका गावोगाव पाठवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला, कारण गाव त्यांना आपले मानत नव्हते. मग त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती आणि कित्येक दलित समाजातल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकमेकींचे अनुभव ऐकत, शिकत आणि परत जाऊन बाळंतपणे, आहार, स्वच्छता यांत गावाला हात देत. सुरुवातीला हजारी 176 असलेला बालमृत्युदर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत 20 च्या आसपास आला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी घडवलेल्या आरोग्यसेवांवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश होता. पुढे देशोदेशीचे विद्यार्थी शिकायला तिथे येऊ लागले आणि त्यांना शिकवणाऱ्यांत याच गावच्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये उभ्या केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्याचे शिक्षण आश्रमातल्या शिबिराने सुरू होते; पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथे राहून काम करते. गावाला रोगांचे कोठार न समजता शिकण्याची जागा मानणारी ही रीत राष्ट्रीय पातळीवर यायला पुढे अर्धे शतक लागले. 2019 च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात महिनाभराचा पायाभूत अभ्यासक्रम आला आणि 2022 पासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा नियम झाला. त्या भेटी माणसे समजून घेण्यासाठी होतात की लॉगबुकावर सही मिळवण्यासाठी, यावर या सुधारणेचे यश ठरेल.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की बळाची भाषा दुःख झाकते. नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला ‘तुझी बलस्थाने ओळख’ म्हणणे क्रूर आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच या परंपरेचा उगम महत्त्वाचा ठरतो. ती छळछावणीतून वाचलेल्यांच्या, मनोरुग्णालयांतून आलेल्यांच्या, दुष्काळी गावांतल्या अनुभवातून निघाली. 29 टक्क्यांकडे पाहताना अँटोनोव्हस्की उरलेल्या 71 टक्क्यांना विसरले नव्हते. आजारी विद्यार्थ्याला मानसोपचारतज्ज्ञ, औषध आणि तातडीची मदत हवीच. त्यात कसूर होता कामा नये. प्रश्न उरतो तो बाकीच्या हजारोंचा. ते उपचारकक्षात येत नाहीत, पण रोज वर्गात येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फी परवडत नाही, वसतिगृह मिळत नाही, शिष्यवृत्ती वर्ष उलटले तरी जमा होत नाही, जातीवरून टोमणे बसतात, आणि अशा मुलाला कणखर व्हा असे सांगितले तर संस्था आपला दोष त्याच्या माथी मारते. ज्या कार्यशाळांत हा विचार मनोबलाच्या व्यायामापुरता उरला आहे, त्यांच्याबाबत हा आक्षेप पूर्ण लागू पडतो. मूळ विचाराला तो लागू पडत नाही. टायटॅनिकच्या आकड्यांपासून सुरुवात करणाऱ्या अँटोनोव्हस्की यांनी बळाच्या स्रोतांमध्ये पैसा, ज्ञान, सामाजिक आधार आणि संस्कृती यांची गणना केली होती. या स्रोतांची वाटणी समाजात विषम असते हे त्यांना पुरते ठाऊक होते. आयुष्य ही नदी आहे आणि सगळे तिच्यातच आहेत, तेव्हा पोहणे कशाने जमते ते शोधा, हे त्यांचे रूपक प्रसिद्ध आहे. त्याचा पुढचा भाग बहुधा वगळला जातो: नदीचे काही पट्टे संथ असतात, काही ठिकाणी भोवरे असतात, आणि कोण कुठल्या पट्ट्यात पडतो हे बरेचसे समाज ठरवतो. विद्यापीठाच्या हाती पोहणाऱ्याची शिकवण आहे, तसा पाण्याचा बराचसा प्रवाहही आहे. वेळेवर शिष्यवृत्ती, स्वच्छ खानावळ, निर्भय वसतिगृह ही विद्यार्थ्याची बलस्थानेच आहेत.

तिसरी शंका प्राध्यापकांकडून येते: अशाने शिस्त ढिली पडेल आणि पदवीचा दर्जा घसरेल. सिद्धांत मात्र उलट बाजूला आहे. कमी भार हाही अपायकारक असतो, असे त्यात स्पष्ट आहे. अवघड काम झेपल्याचा अनुभवच बळ देतो. जामखेडच्या निरक्षर कार्यकर्तीकडून सोपे काम करवून घेतले नाही. जिवाची जोखीम असलेले बाळंतपण तिच्या हाती दिले आणि त्याआधी ते नीट शिकवले. दर्जा घसरतो तो वेगळ्या कारणाने. सत्राच्या अखेरीस एकाच पंधरवड्यात सगळ्या विषयांचे सबमिशन, जर्नल, तोंडी आणि लेखी परीक्षा कोंबल्या की विद्यार्थी मित्राचे जर्नल उतरवून काढतो. निकाल महिनोन्महिने लागत नाही, एटीकेटीचा नियम ऐन वेळी बदलतो, उत्तरपत्रिकेत नेमके कुठे चुकले हे कधीच कळत नाही. याला कठोरपणा म्हणत नाहीत. ही विसंगती आहे, आणि ती संगती लागण्याच्या क्षमतेवरच घाव घालते.

पुराव्याबद्दलची शंकाही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सुसंगतीची जाणीव मोजणारी प्रश्नावली चिंता आणि नैराश्य यांच्या मोजपट्टीशी इतकी मिळतीजुळती आहे, की एकाच गोष्टीला दोन नावे दिली असावीत, अशी टीका संशोधकांनी केली आहे. ती निकाली निघालेली नाही. शिवाय अशी जाणीव बळकट असलेला माणूस सज्जन असतोच असे नाही, हे अँटोनोव्हस्की यांनी स्वतःच म्हटले होते. कट्टर विचारांचा माणूसही भक्कम असू शकतो. म्हणून कोणत्याही प्रश्नावलीने विद्यार्थ्यांवर ‘तू असा, तुझे बळ हे’ असे शिक्के मारणे मला धोक्याचे वाटते. विसाव्या वर्षी मिळालेला शिक्का माणसाला त्याच कप्प्यात अडकवतो. पण अध्यापनात जे बदल सुचवले जातात, त्यांसाठी त्या प्रश्नावलीचा पुरावा हा एकमेव आधार नाही. वेळेत प्रतिसाद, स्पष्ट अपेक्षा आणि सहभाग यांमुळे शिकणे सुधारते, हे शिक्षणशास्त्राने स्वतंत्रपणे दाखवले आहे. आरोग्य आणि शिक्षण या दोन वाटा येथे एकत्र येतात, ही या विचाराची सर्वांत भक्कम बाजू आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची अंमलबजावणी विद्यार्थी कल्याण विभागाच्या एका फायलीत गोळा झाली, तर पन्नास वर्षांच्या या अनुभवाकडे आपण पाठ फिरवली असे होईल. बीरशेबाने प्रवेशपद्धती आणि पहिल्या वर्षाची रचना बदलली, कॅन्ससने प्रश्न विचारण्याची रीत बदलली, जामखेडने शिकवायचा अधिकार कोणाला हे बदलले. आपल्याकडे हे बदल करण्याची जागा ठरलेली आहे. प्रत्येक विषयाचे अभ्यास मंडळ, विद्या परिषद आणि परीक्षा मंडळ येथे अभ्यासक्रमाचा मसुदा मंजूर होताना तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: विद्यार्थ्याला या विषयाची आणि त्याच्या परीक्षेची संगती लागते का, सर्व विषय मिळून पडणारा भार झेपणारा आहे का, आणि यातले काही ठरवण्यात त्याचा शब्द चालतो का? चौथा प्रश्न आपल्या विद्यापीठांसाठी खास हवा. शेतात राबलेली, घरची दुकाने सांभाळलेली, दोन-तीन भाषांत वाढलेली, घरातली पहिली पदवी घेणारी मुले वर्गात येतात, तेव्हा त्यांच्या या अनुभवाला अभ्यासक्रमात काही जागा आहे का, की त्यांच्या इंग्रजीतल्या चुकाच आपल्याला दिसतात? या प्रश्नांची उत्तरे समुपदेशक देऊ शकत नाही, कारण त्या मंडळांवर तो नसतो. ती उत्तरे द्यायची जबाबदारी शिकवणाऱ्यांची आहे आणि त्यांनी ती स्वतःकडे घेतली पाहिजे.